जुन्या बेसबॉल कार्डांचा संच कसा जमवावा आणि छपाईतले भेद कसे ओळखावेत

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये मुले लिटल लीगमध्ये खेळू लागली की बेसबॉल घरात येतो, आणि त्याच्या मागोमाग कार्डेही येतात. बहुतेकांची सुरुवात चालू वर्षाच्या चकचकीत पाकिटांपासून होते. पण ज्याला जुन्या छापील वस्तूंची मुळातच ओढ आहे, तो फार दिवस तिथे रमत नाही आणि १९५० च्या दशकातल्या किंवा त्याहूनही जुन्या कार्डांकडे वळतो. ज्याला अधूनमधून आवडते एखादे कार्ड घेण्याऐवजी एक संपूर्ण जुना संच क्रमाक्रमाने जमवायचा आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. अशा संग्राहकाला पहिल्याच महिन्यात एक अडचण भेटते: एकाच क्रमांकाची, एकाच खेळाडूची दोन कार्डे शेजारी ठेवली तर ती सारखी नसतात. कुठे मागच्या बाजूची शाई वेगळी असते, कुठे नावाचा रंग बदललेला असतो, कुठे एखादी ओळ गायब असते. हे भेद का पडले, हे कळल्याशिवाय कोणते जमवायचे आणि कोणते सोडायचे याचा निर्णय करता येत नाही. म्हणून खरेदीच्या आधी छपाई समजून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

संच पूर्ण झाला असे कधी म्हणायचे

संचाची व्याख्या वरवर सोपी वाटते: क्रमांक एकपासून शेवटच्या क्रमांकापर्यंत प्रत्येकी एक कार्ड. पण जुन्या कंपन्यांनी ही व्याख्यासुद्धा सरळ ठेवलेली नाही. बॉस्टनच्या गौडी गम कंपनीचा १९३३ चा संच २४० कार्डांचा मानला जातो. त्यात बेब रूथची चार कार्डे आहेत (क्रमांक ५३, १४४, १४९ आणि १८१), मात्र क्रमांक १०६ त्या वर्षी छापलाच गेला नाही. पोरांनी पाकिटामागून पाकिटे घेतली तरी १०६ मिळेना. तक्रारी गेल्यावर कंपनीने १९३४ मध्ये त्या क्रमांकाचे कार्ड छापले. त्यावर तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेला नॅप लाजवे होता, आणि ज्यांनी पत्र लिहून विचारणा केली त्यांना ते टपालाने पाठवण्यात आले. त्यामुळे १०६ नसलेला गौडी संच अपुरा मानायचा की १९३३ पुरता पूर्ण मानायचा, हे आजही प्रत्येक संग्राहकाला स्वतःच ठरवावे लागते. टॉप्स कंपनीच्या १९५५ च्या संचात क्रमांक २१० पर्यंत जातात, पण १७५, १८६, २०३ आणि २०९ ही कार्डे कधी निघालीच नाहीत, म्हणून पूर्ण संच २०६ कार्डांचा होतो. १९५८ मध्ये क्रमांक १४५ असाच रिकामा राहिला.

संग्राहक साधारणपणे दोन पातळ्या मानतात. प्रत्येक क्रमांकाचे एक कार्ड, मग ते कोणत्याही भेदाचे असो, हा मूळ संच. ज्ञात असलेले सर्व भेद धरून जमवलेला तो मास्टर संच. नवख्याने मूळ संचच धरावा. पण वही उघडतानाच भेदांसाठी रकाने आखून ठेवावेत, कारण हातातून गेलेले कार्ड कोणत्या भेदाचे होते हे पुढे आठवत नाही, आणि जो भेद आज महत्त्वाचा वाटत नाही तो वर्षभराने फार महत्त्वाचा वाटू शकतो.

भेद मुळात तावावर जन्माला येतो

कार्डे एकेकटी छापली जात नाहीत. ती मोठ्या तावावर ओळीने मांडून छापतात आणि नंतर कापतात. बहुतेक सगळे भेद या एका गोष्टीतून उलगडतात. तावावर जितक्या जागा आहेत तितकीच कार्डे मालिकेत, म्हणजे संचाच्या एका वेळी काढलेल्या टप्प्यात, असतील तर सगळी सारख्या संख्येने छापली जातात. तसे नसेल तर काही कार्डांना दोनदा जागा मिळते. १९६० च्या दशकात टॉप्सच्या अर्ध्या तावावर ११ कार्डांच्या १२ ओळी, म्हणजे १३२ जागा असत. मालिका ७७ कार्डांची असेल तर तिच्या सात ओळी होतात, आणि बारा ओळींच्या जागेत सात ओळी समान वाटून बसत नाहीत. मग काही ओळी जास्त वेळा येतात, काही कमी. कमी वेळा आलेल्या ओळीतले एखादे साधे, नाव न ऐकलेल्या खेळाडूचे कार्डसुद्धा त्यामुळे दुर्मीळ होते, आणि दुर्मिळतेचे कारण खेळाडूत शोधणारा माणूस गोंधळून जातो.

दुसरे असे की १९७३ पर्यंत टॉप्स आपला वार्षिक संच एकदम बाजारात आणत नसे. हंगाम पुढे सरकत जाई तशी एकेक मालिका काढली जाई. वसंतात पहिली मालिका येई तेव्हा दुकानांत झुंबड असे. शेवटची मालिका येईपर्यंत शाळा उघडलेल्या, हंगाम संपत आलेला, आणि पोरांचे लक्ष फुटबॉलकडे वळलेले. दुकानदार शेवटच्या मालिकेची मागणीच कमी नोंदवत. म्हणून जुन्या टॉप्स संचांत मोठ्या क्रमांकाची कार्डे, ज्यांना संग्राहक हाय नंबर म्हणतात, बहुधा कमी सापडतात. मालिका टप्प्याटप्प्याने छापल्यामुळेच मधल्या काळात चूक दुरुस्त करणे, कागद बदलणे, दुसऱ्या छापखान्याकडे काम देणे या गोष्टी घडत गेल्या, आणि त्या प्रत्येकीने कार्डांवर खूण ठेवली.

१९५२ चा टॉप्स: भेदांची शाळा

भेद शिकायचे असतील तर १९५२ चा टॉप्स संच समोर ठेवावा. तो विकत घेणे सामान्य माणसाला परवडणारे नाही, पण अभ्यासायला त्याच्यासारखा संच नाही. एकूण ४०७ कार्डे, आकार २⅝ गुणिले ३¾ इंच. टॉप्सच्या साय बर्गर आणि वूडी गेलमन यांनी या संचाची मांडणी ब्रुकलिनमधल्या घराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केली. पहिली ८० कार्डे दोन प्रकारांत मिळतात: मागचा मजकूर काही प्रतींवर केवळ काळ्या शाईत आहे, तर काहींवर लाल शाईही आहे. हा भेद ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही.

याच मालिकेत चुकीतून आलेला एक भेदही आहे. क्रमांक ४८ जो पेज आणि क्रमांक ४९ जॉनी सेन यांच्या काळ्या शाईच्या काही प्रतींवर एकाचे चरित्र दुसऱ्याच्या मागे छापले गेले. चूक लक्षात आल्यावर ती सुधारली गेली, म्हणून आज या दोन्ही क्रमांकांचे चुकीचे आणि बरोबर असे दोन्ही प्रकार उपलब्ध आहेत. घेताना मागचा मजकूर पूर्ण वाचावा. विक्रेत्याने पुढच्या बाजूचेच चित्र दिले असेल तर मागच्या बाजूचे मागून घ्यावे.

आता शेवटची मालिका पाहू, क्रमांक ३११ ते ४०७. मोजली तर ही ९७ कार्डे भरतात. तावावर जागा शंभर. उरलेल्या तीन जागा भरण्यासाठी तीन कार्डे दोनदा घेण्यात आली: ३११ मिकी मँटल, ३१२ जॅकी रॉबिन्सन आणि ३१३ बॉबी थॉम्सन. दुसऱ्यांदा घेताना त्यांची मांडणी स्वतंत्रपणे तयार झाली, त्यामुळे दोन्ही जागांवरच्या कार्डांत बारीक फरक राहिले. मँटलच्या कार्डाची मागची बाजू भिंगाखाली धरली की क्रमांकाभोवती काढलेल्या चेंडूची शिवण दिसते. एका प्रकारात तिच्या टाक्यांचे तोंड एका बाजूला आहे, दुसऱ्यात ते विरुद्ध बाजूला आहे. एवढाच तो फरक, पण त्यावरून हे कार्ड तावावरच्या कोणत्या जागेतून आले हे सत्तर वर्षांनंतरही सांगता येते. मला या छंदातले सर्वांत जास्त समाधान अशा तपशिलांत मिळते.

याचा अर्थ असा की जगातले सर्वांत प्रसिद्ध टॉप्स कार्ड, ज्याची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली, ते आपल्या मालिकेतल्या इतर कार्डांपेक्षा दुप्पट छापलेले आहे. शिवाय ते मँटलचे पहिले कार्डही नाही; त्याचे पहिले, म्हणजे रुकी कार्ड बोमन कंपनीच्या १९५१ च्या संचात २५३ क्रमांकाला आहे. किंमत आणि दुर्मिळता या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे. या मालिकेचा न खपलेला साठा १९६० च्या सुमारास बोटीवर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये टाकून दिला, असे साय बर्गर स्वतः सांगत असत.

याच संचावरून स्थितीबद्दलही एक धडा मिळतो. क्रमांक १ अँडी पाफ्को आणि क्रमांक ४०७ एडी मॅथ्यूज ही दोन्ही कार्डे चांगल्या अवस्थेत मिळणे फार कठीण आहे, कारण पोरे गठ्ठ्याला रबरबँड लावत आणि त्याचा वळ वरच्या व खालच्या कार्डावर उमटे. कोणत्याही जुन्या संचात पहिले आणि शेवटचे कार्ड आधी तपासावे. संच पूर्वी कसा जपला गेला ते तिथे कळते.

सुरुवातीसाठी १९५६

प्रत्यक्ष जमवण्यासाठी पहिला संच म्हणून मी १९५६ चा टॉप्स सुचवतो. क्रमांकांची ३४० कार्डे, आडवी मांडणी, खेळाडूचा मोठा चेहरा आणि शेजारी खेळतानाचे चित्र. दिसायला इतका देखणा संच त्या दशकात दुसरा नाही. मँटल (१३५), टेड विल्यम्स (५), सँडी कोफॅक्स (७९), रॉबर्टो क्लेमेंटे (३३), आणि जॅकी रॉबिन्सनचे खेळाडू असतानाचे शेवटचे टॉप्स कार्ड (३०) हे सगळे यात आहेत. महागडी अशी मोठ्या क्रमांकांची मालिका यात नाही, म्हणून मधल्या दर्जाच्या कार्डांवर समाधान मानणाऱ्याला हा संच काही वर्षांत पूर्ण करता येतो. एक गंमत नवख्यांना माहीत नसते: पहिली दोन कार्डे खेळाडूंची नाहीतच, ती विल्यम हॅरिज आणि वॉरन जाइल्स या, बेसबॉलच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या अध्यक्षांची आहेत.

भेदांच्या दृष्टीनेही हा संच शिकण्याजोगा आहे. पहिली १८० कार्डे दोन प्रकारच्या पुठ्ठ्यांवर मिळतात, मागून करडा आणि मागून पांढरा. १८१ पासून पुढे फक्त करडा. एका कार्डावरून हा फरक सांगणे कठीण जाते, कारण जुना पांढरा पुठ्ठाही काळाने पिवळसर होतो. क्रमांक दोनशेच्या पुढचे एखादे कार्ड नमुना म्हणून शेजारी ठेवावे, म्हणजे खात्रीचा करडा कसा दिसतो ते नजरेला कळते, आणि दिवसाच्या उजेडात तुलना करावी. पिवळ्या दिव्याखाली फसगत होते.

याच संचात संघांची कार्डे आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या शंभरातली सहा (११ कब्ज, ७२ फिलीज, ८५ इंडियन्स, ९० रेडलेग्ज, ९५ ब्रेव्ज, १०० ओरिओल्स) तीन प्रकारांत मिळतात: संघाच्या नावासोबत १९५५ असे साल छापलेले, साल नसून नाव मध्यभागी असलेले, आणि साल नसून नाव डावीकडे सरकवलेले. नव्या वर्षाच्या संचात मागचे साल छापणे योग्य दिसत नाही हे छपाईच्या दरम्यान कुणाच्या तरी लक्षात आले असावे. मूळ संचासाठी यांतले कोणतेही एक चालते. पण मास्टर संचाचा विचार मनात असेल तर साल असलेली कार्डे दिसतील तेव्हा घेऊन ठेवावीत.

क्रमांक नसलेली दोन यादी-कार्डे, ज्यांना चेकलिस्ट म्हणतात, हाही या संचाचा भाग धरतात. ती पोरांनी पेन्सिलीने खुणा करण्यासाठीच वापरली, म्हणून कोरी चेकलिस्ट बरीच महाग असते. खुणा केलेली घ्यायला हरकत नाही, फक्त पेन्सिल खोडरबराने पुसून ती कोरी म्हणून विकली जात नाही ना, हे पाहावे; तिरप्या प्रकाशात धरले की पेन्सिलीच्या टोकाने पडलेली खाच दिसते.

टी-२०६ आणि मागच्या बाजूचे शास्त्र

तंबाखूच्या कार्डांचा प्रांत वेगळा आहे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटांत घालण्यासाठी जी छोटी कार्डे काढली, त्यांना आज टी-२०६ म्हणतात. हे नाव कंपनीने दिलेले नाही. ते जेफरसन बर्डिक या संग्राहकाने तयार केलेल्या सूचीतले आहे. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डे. बर्डिकने आयुष्यभर जमवलेल्या तीन लाखांहून अधिक छापील वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या आणि १९६३ साली तो वारला. त्या शहरात राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या संग्राहकाने त्याचा संग्रह आवर्जून पाहावा.

टी-२०६ च्या पुढच्या बाजूवर पाचशे वीसहून अधिक वेगवेगळी चित्रे आहेत. पण खरी गुंतागुंत मागे आहे. तिथे सिगारेट-तंबाखूच्या सोळा ब्रँडच्या जाहिराती छापलेल्या आहेत: पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल सर्रास मिळतात, सॉव्हरिन, ओल्ड मिल, पोलर बेअर त्याखालोखाल, ड्रम, उझिट, ब्रॉड लीफ हे फार क्वचित. हिंदू नावाचाही एक ब्रँड यात आहे, आणि त्याची मागची बाजू तपकिरी व लाल अशा दोन शाईंत आढळते. लाल फार कमी. एकच चित्र अनेक ब्रँडच्या मागच्या बाजूंसह छापले गेल्यामुळे पुढचे-मागचे सगळे जुळणारे प्रकार धरले तर संख्या हजारोंत जाते. त्या सगळ्यांचा संच कुणी पूर्ण करू शकत नाही. म्हणून बहुतेक जण प्रत्येक ब्रँडची एक मागची बाजू, किंवा आपल्या आवडत्या संघाची सगळी चित्रे, अशी मर्यादा घालून घेतात, आणि तशी मर्यादा घालणे शहाणपणाचे आहे. जाहिरातीखाली कारखान्याचा क्रमांक आणि जिल्हाही असतो. कार्ड कोणत्या कारखान्यातल्या पाकिटात पडले ते त्यावरून कळते. पोलर बेअर हा सुटा तंबाखू असल्यामुळे त्याच्या कार्डांवर तंबाखूचे तपकिरी डाग फार दिसतात, आणि अशा कार्डावरचा तो डाग दोष असूनही त्याच्या खरेपणाला पुष्टी देतो.

या संचातले प्रसिद्ध भेद बहुतेक खेळाडूंच्या संघबदलातून किंवा नावाच्या चुकीतून आले. शेरी मॅगीचे आडनाव पहिल्या छपाईत एका अक्षराने चुकले आणि लवकरच सुधारले, त्यामुळे चुकीची प्रत दुर्मीळ झाली. जो डॉयलच्या एका कार्डावर त्याला चुकीने नॅशनल लीगचा खेळाडू दाखवले आणि तेही लगेच काढून टाकले. रे डेमिट आणि बिल ओहारा यांची सेंट लुईस संघातली रूपे फक्त पोलर बेअरच्या मागच्या बाजूसह मिळतात. अशा वेळी दुसऱ्या ब्रँडच्या मागच्या बाजूसह सेंट लुईसचा डेमिट कुणी विकत असेल तर पुढे बोलण्याची गरजच नाही. होनस वॅग्नरचे कार्ड मात्र भेद म्हणून प्रसिद्ध नाही. ते थोड्याच प्रती छापून थांबवले गेले. तंबाखूच्या विक्रीशी आपले नाव जोडले जावे हे त्याला मान्य नव्हते असे काही जण सांगतात, तर पैशाचा प्रश्न होता असे इतर मानतात.

चूक, सुधारणा आणि नुसता छपाईदोष

कार्डावर चूक आहे म्हणून ते महाग, असा समज सरसकट बरोबर नाही. १९५७ च्या टॉप्समध्ये हँक एरनच्या कार्डाची (क्रमांक २०) निगेटिव्ह उलटी वापरली गेली, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा एरन डावखुरा दिसतो. ही चूक सुधारली गेली नाही, म्हणून त्या वर्षाचे प्रत्येक एरन कार्ड तसेच आहे आणि त्यात निवडण्यासारखा भेद नाही. १९६९ मध्ये ऑरेलियो रॉड्रिगेझच्या कार्डावर (क्रमांक ६५३) संघाच्या बॅटबॉयचा, म्हणजे बॅटी सांभाळणाऱ्या पोऱ्याचा, फोटो छापला गेला, तीही चूक कायमच राहिली. भेद तेव्हाच निर्माण होतो, जेव्हा चूक मध्येच थांबवून बदलली जाते आणि दोन्ही रूपे बाजारात पोचतात.

काही भेदांना चूकही म्हणता येत नाही. १९५८ च्या पहिल्या मालिकेतली ३३ कार्डे खेळाडूच्या किंवा संघाच्या नावाची अक्षरे पांढरी आणि पिवळी अशा दोन रंगांत मिळतात; एरन, क्लेमेंटे, अल केलाइन यांची पिवळी अक्षरे असलेली कार्डे त्यातली सर्वांत मागणीची. १९६९ मध्ये ४४० ते ५११ या टप्प्यातल्या काही कार्डांवर नाव पिवळ्याऐवजी पांढऱ्या अक्षरांत आले, आणि त्यात मँटलचे शेवटचे टॉप्स कार्ड (५००) असल्यामुळे तो भेद सर्वांना माहीत झाला. १९६२ च्या दुसऱ्या मालिकेचे काही काम दुसऱ्या छापखान्यात झाले. तिथल्या कार्डांवर हिरवट झाक आहे आणि काही खेळाडूंचे फोटोही वेगळे आहेत. १९७४ चा भेद तर बातमीतून आला: सॅन डिएगो पाद्रेज संघ वॉशिंग्टनला हलणार असे ठरत आले होते, टॉप्सने पंधरा कार्डांवर संघाचे नाव तसे छापलेही, आणि मग रे क्रॉक यांनी संघ विकत घेऊन तो सॅन डिएगोतच ठेवल्यामुळे पुढची छपाई बदलावी लागली.

याउलट शाईचा ठिपका, रंगाच्या तबकड्या थोड्या सरकल्यामुळे आलेला धूसरपणा, अर्धवट उमटलेली रेघ हे छपाईदोष असतात. तो दोष तावामागून ताव त्याच जागी उमटत राहिला तर काही संग्राहक त्याला भेद म्हणतात; एखाद्याच प्रतीवर असेल तर ती खराब छपाई आहे आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. सूचीत नसलेला भेद सापडल्याचा दावा करणाऱ्याला त्याच भेदाची दुसरी प्रत दाखवायला सांगावे.

खरे कार्ड कसे तपासावे

दहापट भिंग आणि अतिनील किरणांचा छोटा दिवा ही दोन साधने पुरेशी आहेत. जुन्या छपाईत नाव आणि रेषा सलग शाईत उमटलेल्या असतात. मूळ कार्डाचा फोटो काढून केलेल्या नकलेत अक्षरेसुद्धा ठिपक्यांची बनलेली दिसतात. टी-२०६ चे तपकिरी अक्षरांतले नाव भिंगाखाली पाहिले की हा निवाडा एका मिनिटात होतो. अतिनील दिव्याखाली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कागदात मिसळू लागलेली उजळक द्रव्ये निळसर पांढरी चमकतात. १९१० चे किंवा १९३३ चे कार्ड तसे चमकले तर ते परत करावे.

आकार मोजावा. १९५२ ते १९५६ या काळातली टॉप्स कार्डे मोठी, १९५७ पासून २½ गुणिले ३½ इंच. टॉप्सने १९८३ साली १९५२ चा संच ४०२ कार्डांत पुन्हा छापला. तो नव्या लहान आकारात असल्यामुळे पट्टी लावताच ओळखू येतो, आणि त्याच्या मागे तसा उल्लेखही आहे. कातरलेली, म्हणजे कडा कोऱ्या दिसाव्यात म्हणून नंतर कापलेली, कार्डे ओळखणे जास्त अवघड. कोपरे टोकदार आणि कडा कोऱ्या, पण पृष्ठभाग झिजलेला, अशी विसंगती दिसली तर कडा भिंगाखाली पाहाव्यात. जुन्या कापण्याचा खडबडीतपणा नव्या पात्याच्या धारेत नसतो. दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या डबीत बंद आहे म्हणून तपासणी टाळू नये. १९९१ मध्ये पीएसए या अशाच संस्थेने दर्जा दिलेले पहिलेच कार्ड, एक प्रसिद्ध वॅग्नर, कातरलेले होते असे लिलावदार बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले. १९७१ च्या टॉप्सची काळी किनार सहज झिजते आणि काळ्या पेनने रंगवली जाते. तिथे कडेवरची शाई पांढऱ्या पुठ्ठ्यात मुरलेली दिसली की व्यवहार थांबवावा.

खरेदीचा क्रम

संचाची सुरुवात मोठ्या मिश्र लॉटने करावी. शंभर-दीडशे साधी कार्डे एकत्र घेतली तर एकेक घेण्यापेक्षा स्वस्त पडतात, आणि त्यातून त्या वर्षाच्या छपाईची, पुठ्ठ्याची, रंगाची सवय होते. त्यानंतर ज्याची जास्त वाट पाहावी लागते ते घ्यावे: मोठ्या क्रमांकांची मालिका, कमी छापलेल्या ओळीतली कार्डे, पहिले आणि शेवटचे कार्ड. नामांकित खेळाडूंची कार्डे बाजारात सतत असतात; तिथे घाई न करता पैसे साठवावेत. संपूर्ण संचाचा दर्जा साधारण एकसारखा असावा, असे मी आवर्जून सांगेन. कोपरे थोडे गोलावलेली, पण घडी नसलेली आणि रंग टिकलेली कार्डे एका फोल्डरमध्ये एकत्र लावली की संच सुंदर दिसतो. त्यात मधूनच एक कोरे करकरीत आणि एक फाटके कार्ड असेल तर नजर तिथेच अडते.

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक कार्डासाठी क्रमांक, नाव, मागच्या बाजूचा प्रकार, अन्य भेद, स्थिती, घेतल्याची तारीख आणि किंमत लिहावी. दोष शब्दांत लिहावा, ‘खाली डावीकडे हलकी घडी’ असा. आकड्याने दिलेला दर्जा नंतर काहीच सांगत नाही. ऑनलाइन खरेदीत दोन्ही बाजूंची स्पष्ट चित्रे नसतील तर कार्ड सोडून द्यावे. शक्य असल्यास नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शनला, जे १९८० पासून जवळजवळ दरवर्षी भरते, निदान एकदा जाऊन यावे. शेकडो कार्डे हातात घेऊन पाहिल्यावर पुठ्ठ्याचा खरा स्पर्श बोटांना कळतो.

जपणूक

प्रत्येक कार्ड मऊ पारदर्शक पिशवीत आणि मौल्यवान कार्ड त्यावर टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खोळीत, ठेवावे. पीव्हीसीची जुनी पाने वापरू नयेत, कारण त्यातले द्रव्य काळाने कार्डाला चिकटते. पॉलिप्रॉपिलीनची पाने घ्यावीत. १९५२ ते १९५६ ची कार्डे नऊ कप्प्यांच्या नेहमीच्या पानात मावत नाहीत, त्यांच्यासाठी आठ कप्प्यांची पाने मिळतात. कार्ड दाबून बसवण्याचा प्रयत्न केला तर कोपरे लगेच जातात. संग्रह मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात आणून ठेवायचा असेल तर पावसाळ्याचा विचार आधी करावा: जुना पुठ्ठा दमट हवेत फुगतो, वाकतो आणि बुरशी धरतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, डबा बाहेरच्या भिंतीला न लावता उंचावर ठेवावा, आणि पुड्या जूनमध्ये एकदा व ऑगस्टमध्ये पुन्हा बदलाव्यात. पाण्याची टाकी किंवा न्हाणीघर असलेल्या बाजूची भिंत टाळावी. फोल्डर उभे ठेवावेत, एकावर एक रचू नयेत. खालच्या फोल्डरातली कार्डे वजनाने वाकतात आणि आलेला बाक सहसा पूर्णपणे निघत नाही.